पॅसेंजर चढू दे, मंग बेल

वामनकाका,

एका जागी बसवत नाही पाहा. खुर्चीवर बसलो तं पाय हालते, पाय दाबून धरला तं हात चालू होते. सकाळपासून चार्जरच्या वायरी गुंडाळून राहिलो, सोडून राहिलो, परत गुंडाळून राहिलो. खालचा पानठेलेवाला ओरडला, "काय गा अंकुश, वर सर्कस उतरली काय?" मी खिडकीतून त्याच्याच आवाजात तेच वाक्य त्याले परत देल्लं. ठेल्यावरचे सगळे हासले. मले नाही आलं हासू. माह्याच नकलेवर मले हासू आलं नाही, असं आजपर्यंत झालं नव्हतं काका.

इतके दिवस फोन वाजून राहिला. उमरेडवरून. पल्लवी नावाची पोरगी हाय, तिची माय शोभाताई हातमागावर बसाची. लकवा मारला अन् अर्धं अंग गेलं, जबान गेली. समजते सगळं, वाचता येते, पन बोलता येत नाही. पल्लवी म्हने, "दादा, तो काचेवानी बोर्ड घेऊन कधी येऊन राहिले?" तुम्ही होते तवा मी रोज म्हनो, येतो, येतो. तुम्ही गेले तसा फोन उचलनंच बंद केलं. बोर्ड तुमच्या पलंगामागच्या खिळ्यावर लटकून होता, अन् त्या खोलीत जाची माही हिंमत होत नव्हती. खरं सांगू? हे बोर्ड-बटनाचं कामच सोडून द्यावं असं डोक्यात घोळून राहिलं होतं. मोबाईल दुकान बरं. तुटलेली स्क्रीन बदलली का गिऱ्हाईक जाते. गिऱ्हाईक मरत नाही.

तुमच्याशी भांडन अर्धंच राहिलं नं. म्हनून हे लिहून राहिलो. तुम्हाले आता मले मधात थांबवता येत नाही, ह्याचा फायदा घेऊन घेतो.

आपली वळख कशी झाली ते आठवते? उमरेड-नागपूर एसटी, सकाळची, तुम्ही कंडक्टर, गाडी आयटीआयच्या पोट्ट्यायनं खचाखच. मी सगळ्यात मागच्या सीटवर तुमचा आवाज काढून राहिलो होतो. "सरका पुढं, सरका! मागं काय नवरदेव बसवाचा हाय?" दोस्त लोक पोट धरून हासून राहिले. बेल द्याले तुमचा हात वर गेला अन् तसाच दोरीवर राहिला. 

"कोन हाय बे तो?"

सगळ्या गाडीनं माह्याकडं बोट केलं. असे दोस्त.

"उभा राह्य."

मले वाटलं आता पाचगावच्या फाट्यावर उतरवते. तुम्ही गर्दीतून वाट काढत आले, चष्म्यावरून पाह्यलं अन् म्हटलं, "आवाज बरोबर हाय. पन गळ्यातून काढून राहिला तू. बेंबीतून काढ. इंजनाच्या वरून मागच्या म्हातारीले ऐकू गेलं पाह्यजे." अन् पाचगाव, विहीरगाव, डिघोरी, सगळे स्टॉप त्या दिवशी तुम्ही माह्याकडून ओरडून घेतले. डिघोरीले एक बाई उतरता उतरता म्हने, "आज कंडक्टरचं पोरगं आलं वाटते ड्युटीवर." तुम्ही नाही म्हटलं नाही. त्या दिवसापासून मी तुमच्यासाठी 'टेप'. "काय बे टेप, आज कोनाले भरलं आतमधी?"

मंग टेपमधला आवाज राहिला अन् तुमचा गेला.

पहिले जीभ जड झाली. सकाळच्या गाडीत कोनी तरी म्हने, कंडक्टर प्येऊन आला. तुम्ही! तंबाखूचा एक खर्रा सोडला तं ज्या मानसाले दुसरं व्यसन नव्हतं. मंग हातातून तिकिटाची मशीन पडाले लागली. मंग पलंग. डॉक्टरनं आजाराचं लांबलचक नाव सांगतलं अन् काकूनं घरी येऊन त्याचं एका वाक्यात मराठी केलं, "यायचं डोकं चालते, बाकी सगळं संपावर गेलं."

काकू सीताबर्डीले माह्या दुकानात आली तो दिवस. काउंटरवर मी कोनाचा तरी फोन उघडून बसलो होतो. ती म्हने, "अंकुश, यायले मले हाक मारता येत नाही बाबू. मी सैपाकघरात असली का हे तसेच पडून राह्यते. पाठीले मुंगी चावली तरी." मी म्हटलं, एवढंच नं? दरवाज्याची बिनवायरची बेल घेतली, तिचं रिमोट खोललं, वायर काढली अन् लोनच्याच्या बरनीचं झाकन लावून मोठं बटन केलं. तुमच्या उजव्या पायाचा अंगठा तेवढा ड्युटीवर होता, त्याच्याखाली ठेवलं. तुम्ही दाबलं तं सैपाकघरात सनई वाजली. लांबलचक, लग्नाची. तुम्ही माह्याकडं असं पाह्यलं का मी तिथल्या तिथं सनई काढून साधी 'टिंग' लावली.

याले साहाय्यक तंत्रज्ञान म्हनते, अन् असं काम करनाऱ्याले सेवा देनारा म्हनते, हे मले नंतर स्पीच थेरपीवाल्या मॅडमनं सांगतलं. मले वाटलं मी बेल लावली.

अन् मुळ्याची गोष्ट! तुमच्यानं हासता येत असतं तं तुम्ही आताही हासले असते. मॅडमनं सांगतलं होतं, एक टिंग म्हनजे 'हो', दोन टिंग म्हनजे 'नाही'. सगळीकडं असंच करते म्हने. काकू विचारे, "पंखा बंद करू?" टिंग. पंखा बंद. तुम्ही घामानं ओले. "मुळ्याची भाजी बारीक करून देऊ?" टिंग. दुसऱ्या दिवशी परत, "मुळा देऊ?" टिंग! काकू मले कौतुकानं सांगे, "उभ्या जन्मात मुळ्याले हात नाही लावला यायनं, आता बिमारीत आवडाले लागला पाहाय." तुम्ही डोळे वटारून छताकडं पाहून राहिले होते. कोनी तरी म्हटलंही, आता डोक्यावरही परिनाम झाला वाटते. तुमचं मन रिझवावं म्हनून मी पलंगापाशी उभं राहून आपली जुनी गाडी चालू केली. "चला डिघोरी, उतरा लवकर," टिंग, गाडी थांबली. "झालं? बसा," टिंग टिंग, गाडी सुटली. अन् माह्याच तोंडातली बेल माह्याच कानात घुसली.

"काकू! काका कंडक्टर हायेत वं! एक बेल म्हनजे थांब! दोन म्हनजे जाऊ दे!"

काकू म्हने, "म्हनजे मुळा..."

तुम्ही दाबलं. टिंग. टिंग. टिंग. टिंग. टिंग. इतक्या बेला एका मुळ्यासाठी एसटीच्या इतिहासात कोनी देल्ल्या नसतीन. मॅडमले सांगतलं तं त्या खुर्चीवर बसून हासल्या अन् कागदावरचं त्यायनंच खोडलं. म्हने, "चुकलं आपलं. भाषा त्यांची, मग नियमपण त्यांचेच." ते वाक्य मी त्यायच्या आवाजात घोकून ठेवलं हाय. नवीन घरी गेलो का पहिले तेच मनात म्हनतो.

मंग बोर्ड आला. नंबरप्लेटच्या दुकानातून पारदर्शक प्लास्टिकची शीट आनली, त्याच्यावर अक्षरं चिकटवली. मी समोर धरून बसाचो, शीटच्या पलीकडून तुमचे डोळे कोनत्या अक्षरावर थांबते ते पाहाचो, अक्षर मोठ्यानं म्हनाचो. बरोबर असलं तं टिंग टिंग, चुकलं तं टिंग. एका वाक्याले चहा थंड होये. पन काका, माही जीभ! तुम्ही 'च' वर पाह्यलं का मी, "चहा! चष्मा! चादर!" तुम्ही टिंग. 'ख' आला का, "खर्रा नाही भेटनार, काकू मारीन!" टिंग. मले वाटे मी मदत करून राहिलो, टाइम वाचवून राहिलो. एक दिवस तुम्ही अक्षर-अक्षर करून अर्धी दुपार घेतली अन् एकच वाक्य काढलं. 'पॅसेंजर चढू दे, मंग बेल.'

गाडीतलं सगळं आठवलं. एखाद्या म्हातारीचा एक पाय पायरीवर, एक जमिनीवर, हातात थैली. मागून डायवर हॉर्न मारे, पॅसेंजर कल्ला करे, अन् तुमचा हात दोरीवर असून बेल देत नव्हता. डायवर वैतागून म्हने, "वामनराव, आज पोहचाचं हाय का उद्या?" तुम्ही म्हनाचे, "तिचे दोन्ही पाय आत येऊ दे. पाय तिचा हाय, गाडी आपली हाय."

मी मात्र रोज अर्ध्या पायावर बेल देऊन राहिलो होतो.

सुधरलो का? थोडा. तुम्ही म्हनसान, अजिबात नाही. चालू द्या.

टॅबलेटवरचं भांडन तं मी आताही सोडत नाही. बटन दाबलं का बोलनारी मशीन आनली मी, तिच्यात आवाज कोन्या तरी शहरातल्या मानसाचा, 'कृपया मला पाणी द्या' म्हननारा. तुम्ही जन्मात कोनाले कृपया म्हटलं नाही. म्हनून मी एक रविवारभर बसून तुमच्या आवाजात सगळं भरलं. 'सरका पुढं', 'कोन हाय बे तो', 'सुट्टे द्या', 'टेप, बंद हो'. तुम्ही खुश. गल्लीतले पोट्टे खिडकीत जमा झाले, तुम्ही अंगठ्यानं दाबून त्यायले शिव्या घालून राहिले. अन् मंग तुम्ही ते बटन दाबलं जे मी हौसेनं टाकलं होतं. 'सुमे, चहा.'

काकू सैपाकघरातून पळत आली. कनकेचे हात तसेच. दारात येऊन तिनं पहिले तुमच्याकडं पाह्यलं, मंग माह्याकडं. परत गेली. नळाचं पानी लय वेळ चालू होतं.

तुम्ही बोर्ड मांगितला. 'तिच्याशी मी डोळ्यानं बोलीन. तुहा आवाज बाहेरच्यायले.'

मी वाद घातला. मी म्हटलं, काका, हुबेहूब हाय, तुमचा सख्खा भाऊ ओळखनार नाही! तुम्ही टिंग. मी म्हटलं, काकूले सवय होईन. टिंग. मी म्हटलं, मंग माह्या कलेचा काय उपयोग? तुम्ही बेलही देल्ली नाही, फक्त पाह्यलं. मी ते बटन काढून टाकलं, पन रागानं. आता वाटते, जो मानूस बायकोले सुमे म्हनते, तो ते दुसऱ्याच्या गळ्यानं कसा म्हनीन? पन तवा नाही समजलं, अन् समजलं तवा सांगाले तुम्ही नाही. हे आपलं असं हाय.

माह्या कलेवरून तं आपलं कायमच चाले. मले वाटे ऑर्केस्ट्रात नाव काढावं, लग्नात नकला कराव्या, हे बटनं-बोर्ड साइडले. अन् तुम्ही पलंगावरून माही ड्युटी लावून राहिले! मॅडमकडं कोनी आलं का तुम्ही बोर्डवर म्हनाचे, टेपले पाठवा. हिंगन्याचा तो कारखान्यातला भाऊ आठवते? मशीनमधी बोटं गेली त्याची. मी त्याच्यासाठी जेवाचा चमचा बनवला, पट्टा लावून, मस्त. तो म्हने, "बायको भरवते मले, जेवाचं टेन्शन नाही. मले खर्रा घोटता आला पाह्यजे." मी तुमच्यापाशी येऊन आग ओकली. म्हटलं, हे काय सेवा हाय? लोकायच्या तंबाखूची सोय करू मी? तुम्ही बोर्डवर लिहिलं, 'कुठं जाचं ते पॅसेंजर सांगते. कंडक्टर तिकीट फाडते.' अन् मंग, लय वेळानं, 'पन खर्रा वाईट.' स्वतःच्याच वाक्यावर तुमचे डोळे हासून राहिले होते.

मी त्याले खर्रा नाही घोटू देल्ला. पन त्याले विचारलं, अजून काय? तो म्हने, पोरीची वेनी. त्याच चमच्याच्या पट्ट्यात कंगवा बसवला. त्या दिवशी हिंगन्यावरून गाडी चालवत येताना मी एकही नक्कल केली नाही. माह्या ध्यानातही नव्हतं.

तुम्हाले विचारलं होतं मी, "मंग मिमिक्री सोडू का?" तुम्ही एक बेल देल्ली. थांब. 'कान त्यानंच भेटले तुले.' एवढंच. म्हनजे हे करू का ते करू, काका? अर्धं अर्धं तिकीट फाडता येते काय?

अन् शेवटचं. दुपारी बसलो होतो आपन. उमरेडच्या शोभाताईचं मी तुम्हाले सांगतलं होतं, अन् हेही का मले तिथं जाची लाज वाटते. माह्याच गावात मले कोन सिरियस घेईन? शाळेच्या गॅदरिंगमधी हेडमास्तरची नक्कल करून मार खाल्लेला पोट्टा आता बिमार मानसाले बोलतं करनार? तुम्ही बोर्डवर अक्षरं धरली. 'उमरेडले जाय. तिथं'

अन् तुमचे डोळे थकले. तुम्ही ते मिटून घेतले, लांब. आपल्यात त्याचा अर्थ, राहिलेलं मंग सांगतो. मी म्हटलं, "ठीक हाय काका, उद्या पुरं करू." दुसऱ्या दिवशी पुरं कराले कोनी नव्हतं.

तवापासून मी ते वाक्य पुरं करून राहिलो. तुमच्या आवाजात, काकूच्या, मॅडमच्या, पानठेलेवाल्याच्या. तिथं टवाळी करू नको. तिथं बसस्टँडवरची भजी खाय. तिथं लाजू नको. तिथं पहिले पाया पड. जिना चढता चढता, भांडे घासता घासता, दर घडीले नवीन. एकही बरोबर वाटत नाही, अन् तुमचा अंगठा नाही टिंग कराले. याच्यानंच मले बसवत नव्हतं.

तेरवीले आलो मी. नाही कसा येईन. जेवनं आटोपली, मानसं अंगनात बसली, अन् तुमच्या डेपोतले एक जन प्रेमानंच म्हने, "अंकुश, एकदा काढ नं गा वामनरावचा आवाज. तेवढंच ऐकल्यासारखं होईन." सगळ्यायनं माह्याकडं पाह्यलं. डोळ्यात पानी अन् तोंडावर आशा. मले येते तो आवाज काका, बेंबीतून येते, तुम्हीच शिकवला. तोंड उघडलं मी.

घरातून आवाज आला. टिंग.

एकच.

मी आत गेलो. काकू तुमच्या रिकाम्या पलंगावर बसली होती, लोनच्याचं झाकन हातात. मंग उठली, खिळ्यावरचा बोर्ड काढला, पदरानं पुसला. आतून बाहेरून, काच पुसावी तसा.

"उमरेडची गाडी सकाळी कितीले असते रे आता?"

मी म्हटलं, "काकू, मी ते काम..." 

"मी दारात उभी होती त्या दिवशी. उमरेडले जाय म्हटलं त्यायनं. तेवढं तं पुरं सांगतलं नं?"

"पन पुढचं राहिलं. तिथं..."

"राहिलं तं राहिलं. मी येऊन राहिली तुह्यासंगं. तू लय बोलते. कोनी तरी गप्प बसनारं पाह्यजे."

अन् खरंच, काकू शीटच्या पलीकडून तुमचे डोळे वाचे तवा एक शब्द आगाऊ बोलत नव्हती. माह्याहून चांगलं वाचे ती. मी कौतुक नाही केलं कधी, स्पर्धा वाटे.

परवा गेलो. गाडीत कंडक्टर बाई होती, तरनी, आवाज खनखनीत. चांप्याच्या स्टॉपले एक म्हातारा चढाले लागला, गुडघे धरत. मागून कोनी तरी ओरडलं, "चला नं बाई!" तिनं मागं पाह्यलंही नाही. म्हाताऱ्याचे दोन्ही पाय आत आले, त्यानं दांडा धरला, मंग टिंग टिंग. काकूनं खिडकीबाहेर पाहात पाहात माह्या हातावर हात ठेवला. मी स्टॉप ओरडलो नाही काका. मनात ओरडलो.

पल्लवीनं दार उघडलं अन् म्हने, "अरे, तुम्ही तेच नं? गॅदरिंगवाले?" मी म्हटलं, तेच. ती हासली, अन् आत वळून सुटलेल्या गाडीले आवाज द्यावा तशी ओरडली, "आई! बोर्डवाले आले! बोर्ड! वा-ले!" शोभाताई खाटेवर, बाजूले हातमाग, त्याच्यावर चादर झाकलेली. काकूनं पहिले विचारलं, हो कसं सांगता, नाही कसं सांगता. त्यायनं दाखवलं. हो म्हनजे डोळे वर. त्यायचं त्यायचं. 

मी समोर बसलो. शीट धरली. डोळे फिरले, थांबले. 'प'. माह्या जिभेवर पानी आलं होतं, म्हनजे 'पानी' शब्द, तहान लागली असन बिचारीले. दातात जीभ धरली. काकू माह्याकडं पाहून राहिली होती. दुसरं अक्षर. तिसरं. मी फक्त अक्षर म्हनून राहिलो. हात भरून आले, घाम नाकावरून खाली आला, पुसला नाही. अन् मंग वाक्य झालं.

'पल्लवी लय ओरडते. मी बहिरी नाही.'

पल्लवी पहिले लाल झाली. मंग हासली. मंग मायच्या छातीवर डोकं टाकून रडली, अन् रडता रडता हळू आवाजात म्हने, "बरं." शोभाताईचे डोळे वर गेले. हो.

मी फोन उचलतो आता. कंगव्यावाला भाऊही फोन करते, अजून काही तरी पाह्यजे म्हनते. खर्रा नसला म्हनजे झालं. ऑर्केस्ट्रावाल्यायलेही हो म्हटलं. मिमिक्री सोडू का म्हटलं तवा एक बेल देल्ली होती नं तुम्ही.

हे लिहून होत आलं तरी पाय हालूनच राहिला. तुमचं 'तिथं' अजून समोर हाय. पन त्याच्यापुढं मी आता काही टाकत नाही. कोनाच्याच आवाजात नाही. तुमचा एक पाय अजून पायरीवर हाय काका, एक खाली. मागून सगळे कल्ला करून राहिले. करू द्या. माहा हात दोरीवर हाय, अन् मी बेल देत नाही.

चढा आरामानं.